पाच हजारांची खोली

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक तरुण माझ्याकडं कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत रुग्णालयाची फाईल, अँजिओग्राफीची सीडी, औषधांच्या पावत्यांचा गठ्ठा आणि विमा कंपनीचं एक पानी पत्र होतं. एकूण बिल २,२७,००० रुपये. मंजूर रक्कम १,३३,२०० रुपये. पत्रावर बोट ठेवून तो म्हणाला, "मॅडम, पॉलिसी तीन लाखांची हाय. बिल तीन लाखांच्या आतलं हाय. मग आमच्या खिशातनं ९३ हजार ८०० का गेले?"

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या विमा कक्षात मी अकरा वर्षं काम केलं. ते सोडल्यावर ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे लोक कागद घेऊन येतात, मी वाचून देते. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं गाळली आहेत. वडिलांना रुग्णालयात नेलं त्या रात्री त्यांच्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांत माझ्यासारख्या खिडकीपलीकडं बसणाऱ्या माणसांचा वाटा मोठा आहे, हे मला आधीच सांगायचं आहे.

घर करवीर तालुक्यातलं, शहराला खेटून असलेल्या गावात. वडील, म्हणजे आण्णा, ६७ वर्षांचे. शिरोलीच्या एका फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षं साचे भरले; आता पेन्शन महिन्याला दोन हजारांच्या आसपास. गोकुळ-शिरगावच्या एमआयडीसीत मुलगा सीएनसी मशीनवर. सून घरात ब्लाउज शिवते. आई, दोन नातवंडं, केशरी रेशनकार्ड. कष्टानं आणि हिशोबानं चाललेलं घर. यांनी काही केलंच नव्हतं, असं कुणी म्हणू नये. २० ऑगस्ट २०२१ ला, कोविडचा दुसरा तडाखा बघितल्यावर, मुलानं आईवडिलांसकट सगळ्यांची तीन लाखांची पॉलिसी काढली. अर्जात आण्णांचा बीपी लिहिला, '२०१९ पासून गोळी चालू' असं स्पष्ट लिहिलं. एजंट म्हणाला होता, नको लिहायला, हप्ता वाढतोय. तरी त्यानं लिहिलं. पुढं हीच एक ओळ कामाला आली.

त्रास दिवाळीपासून होता. जिना चढला की छातीत जळजळ, थांबलं की बरं. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा पित्ताचं औषध दिलं, ईसीजी काढला नाही. बीपीची गोळी आण्णांनी स्वतःच बंद केली होती, कारण "बरं वाटायलंय की". सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या माणसांचा बीपी आणि साखर फुकट तपासतात, गोळ्याही मिळतात. पण आण्णांच्या डोक्यात आरोग्य केंद्र म्हणजे लसीकरण आणि बाळंतपण. सगळं प्रकरण कदाचित इथंच, महिना शंभर रुपयांच्या गोळीत मिटलं असतं. आजार खालच्या पायरीवर धरला नाही की तो वरच्या पायरीवर कॅथलॅबमध्ये, हृदयाच्या नळ्या तपासायच्या खोलीत, भेटतो, आणि तिथं त्याची किंमत शेकडोंत नसते, लाखांत असते.

आता १३ दिवसांनी हुकलेल्या एका संधीकडं येते. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट तीच आहे.

मुलाचा पगार २०,४०० होता. त्यातून ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, वर्गणी पाऊण टक्का, म्हणजे महिन्याला १५३ रुपये कापली जायची. मालक सव्वातीन टक्के भरायचा. २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पगारवाढ झाली, पगार २१,६०० वर गेला. मार्च २०२४ पर्यंत कपात चालू राहिली, एप्रिलपासून थांबली. ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं, तुझं ईएसआय संपलं. त्यानं कार्ड कपाटात टाकलं.

संपलेलं नव्हतं. ईएसआयमध्ये वर्गणीचा काळ वेगळा आणि लाभाचा काळ वेगळा. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. ऑक्टोबर ते मार्च भरलेल्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. सहा महिन्यांच्या मध्येच पगार मर्यादेच्या वर गेला तरी तो काळ पुरा होईपर्यंत कपात चालू ठेवायची असते, म्हणून तर मार्चपर्यंत पैसे कापले. याचा अर्थ ३१ मार्च २०२४ पर्यंत भरलेल्या वर्गणीवर या कुटुंबाला ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत उपचार मिळणार होते. आईवडील अवलंबून असतील आणि त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर तेही त्यात येतात. आण्णांची पेन्शन मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणजे दिवाळीत जळजळ सुरू झाली तेव्हा, नोव्हेंबरात, डिसेंबरात, त्यांना ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घेता आला असता, पुढं मोठ्या तपासणीची चिठ्ठी मिळाली असती.

छातीत कळ आली ती १३ जानेवारी २०२५ ला. मुदत संपून १३ दिवस झाले होते.

हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ पगाराच्या स्लिपा उलटत बसला. बोलला नाही. त्यात त्याचा दोष नाही. हा हिशोब कारखान्याच्या क्लार्कला ठाऊक असायला हवा होता आणि 'संपलं' म्हणण्याऐवजी 'डिसेंबरपर्यंत आहे' एवढंच त्यानं म्हणायला हवं होतं.

त्या दिवशी भोगी होती. सुनेनं तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापल्या होत्या, वांगं-हरभरा-गाजराची मिसळीची भाजी केली होती. आण्णा दोन घास खाऊन उठले, घामानं भिजले, डावा हात धरून ओसरीवर बसले. शेजाऱ्यानं गाडी काढली. १०८ ला फोन करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दसरा चौकाजवळचं सीपीआर म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. तिथं न्यायचं की खासगीत, हे गाडीतच ठरलं. शेजारी म्हणाला, "पॉलिसी हाय नव्हं? मग कशाला सीपीआरला रांगेत?" रात्री साडेनऊला ते शहरातल्या एका खासगी रुग्णालयात पोचले.

आण्णांना आत नेलं. ईसीजी झाला, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, आयसीयूत हलवलं. उपचारात कुठं हयगय झाली नाही, हे मी फाईल वाचून सांगते. घोळ झाला तो बाहेर, खिडकीवर.

तिथं पहिला प्रश्न आला: पॉलिसी आहे का?

हा प्रश्न मीसुद्धा अकरा वर्षं विचारला. तो का विचारतात हे सांगायला हवं. सरकारी योजनेत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम असते, रुग्ण दोन दिवस राहो की पाच, रुग्णालयाला तेवढेच पैसे. खासगी पॉलिसीत बहुतेक ठिकाणी बाबवार बिल होतं: खोली, भेट, तपासणी, सामान, प्रत्येक गोष्टीचे वेगळे. शिवाय खोलीचा दर्जा वाढला की डॉक्टरांची भेट, नर्सिंग, प्रोसिजर, सगळ्यांचे दर त्याच पायरीनं वर चढतात. म्हणून पॉलिसीचा प्रश्न आधी येतो आणि रेशनकार्डाचा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. मला कुणी असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. खिडकीवरची पद्धतच तशी होती आणि मी ती मोडली नाही.

मुलगा म्हणाला, आहे, तीन लाखांची. मग दुसरं वाक्य आलं: "आयसीयूतून बाहेर आले की खोली लागेल. जनरल भरलंय. सिंगल ठेवू का? पाच हजार आहे. इन्शुरन्स आहेच तुमचा." तो म्हणाला, ठेवा. वडील आत, छातीला वायरी लावलेल्या, अशा वेळी कुठला मुलगा घासाघीस करेल? डिपॉझिटचे पन्नास हजार मागितले. आईंच्या पाटल्या गावच्या पतसंस्थेत ठेवून सकाळी पैसे उभे केले, तोवर मामानं फोनवरून पाठवले.

संक्रांतीच्या सकाळी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य नळीत मोठा अडथळा होता. लगेच अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, बसवला. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्याआधी एकेका स्टेंटचं बिल लाखावर जाताना मी पाहिलंय. इथं तो ३६ हजारांत बसला.

कॅशलेसच्या, म्हणजे कंपनीनं बिल थेट रुग्णालयाला भरावं या, विनंतीवर मात्र कंपनीकडून प्रश्न आला. बीपी किती वर्षांपासून? रात्री दोन वाजता शिकाऊ डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं होतं, 'बीपी आठ ते दहा वर्षं'. त्यानं सुनेला विचारलं होतं, ती घाबरलेली, म्हणाली, "लई वर्षं झाली की, आठ-धा असतील." अर्जात २०१९, केसपेपरवर आठ-दहा वर्षं. कंपनीला यात लपवाछपवीचा वास आला. शिवाय आधीपासूनच्या आजाराला या पॉलिसीत तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ होता, आणि २०२३ चा हप्ता १२ दिवस उशिरा भरलेला दिसत होता.

प्रतीक्षा काळाचा लोकांना राग येतो. मी त्यांना भिशीचं उदाहरण देते. वीस जणींची भिशी आहे आणि एकजण म्हणते, मला ज्या महिन्यात पैसे लागतील त्याच महिन्यात येईन, पहिला नंबर मला द्या, पुढं बघू. अशा चारजणी आल्या तर भिशी फुटते. विमाही सगळ्यांनी मिळून भरलेल्या पैशावर चालतो. आजार झाल्यावरच येणाऱ्यांना थेट घेतलं तर निरोगी माणसांचा हप्ता वाढतो, ते निघून जातात, मागं नुसते आजारीच उरतात. म्हणून थांबायला लावतात. पूर्वी हा काळ चार वर्षांपर्यंत असायचा, एप्रिल २०२४ पासून विमा नियामकानं तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. नियम रास्त आहे. तो कसा मोजतात, तिथं मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात.

मोजणी अशी होती. पॉलिसी २० ऑगस्ट २०२१ ची, तीन वर्षं ऑगस्ट २०२४ मध्ये पुरी झालेली. हप्त्याला मुदत टळल्यावर वार्षिक पॉलिसीत ३० दिवसांची सवलत असते. त्या दिवसांत आजारपण आलं तर पैसे मिळत नाहीत, पण आत हप्ता भरला तर आधीची वर्षं पुसली जात नाहीत. १२ दिवस सवलतीतच होते. आणि २०१९ ची गोळीची चिठ्ठी घरात देवाऱ्याच्या खणात सापडली. ती पाठवल्यावर मंजुरी आली. अर्जात बीपी लपवला असता तर ही चिठ्ठीच त्यांच्या विरुद्ध गेली असती आणि कदाचित एक रुपयाही मिळाला नसता. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला जुन्या आजाराचं कारण काढता येत नाही, पण इथं पाच वर्षं झाली नव्हती.

१७ जानेवारीला डिस्चार्ज. बिल अकरा वाजता तयार, कंपनीची अंतिम मंजुरी पावणेसहाला. नियमानं ती तीन तासांत यायला हवी, आणि उशिरामुळं रुग्णालयानं जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे असतात. इथं रुग्णालयानं जास्तीचे लावले नाहीत, पण आण्णा पावणेसात तास चपला घालून पलंगाच्या कडेवर बसून होते.

आता बिल. मुलासमोर मी वहीच्या पानावर मांडलं तसंच मांडते.

खोली तीन दिवस, पाच हजारांनी: १५,०००. आयसीयू एक दिवस: ६,०००. डॉक्टरांची फी, प्रोसिजर, कॅथलॅब, नर्सिंग: ९५,०००. स्टेंट ३६,०००, बलून-वायर-कॅथेटर २८,०००, औषधं २१,०००, तपासण्या १७,०००. हे चार मिळून १,०२,०००. नोंदणी, फाईल, ग्लोव्हज आणि विम्यात न बसणारं बाकीचं: ९,०००. बेरीज २,२७,०००.

पॉलिसीच्या सतराव्या पानावर एक ओळ आहे: खोलीभाडं विमा रकमेच्या एक टक्का, आयसीयू दोन टक्के. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. आण्णा पाच हजारांच्या खोलीत होते. घरच्यांना वाटलं, वरचे दोन हजार आपण भरू, तीन दिवसांचे सहा हजार, बास. तसं होत नाही. तीन हजार हे पाच हजारांचे साठ टक्के. मग कंपनी म्हणते, खोलीच्या दर्जानुसार ज्या-ज्या बाबींचे दर वाढतात त्या सगळ्यांचे आम्ही साठच टक्के देणार. ९५ हजारांचे साठ टक्के ५७ हजार. ३८ हजार तिथंच कापले. खोलीचे सहा धरून ४४ हजार. तीन रात्रींच्या भाड्यातल्या सहा हजारांच्या फरकानं ४४ हजार खाल्ले.

मुलानं पान हातात घेतलं, परत दिलं. "हे त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर मी आण्णांना जनरलमध्ये ठेवलं असतं की. सहाजणांच्या खोलीत काय होतंय?" खरंच काही झालं नसतं. तेच डॉक्टर, तीच कॅथलॅब, तोच स्टेंट.

पण ४४ हजार आणि न बसणारे नऊ हजार मिळून ५३ हजारच होतात. कापले होते ९३,८००. मधले ४०,८०० कुठले? ते १,०२,००० चे चाळीस टक्के. कंपनीनं स्टेंट, सामान, औषधं आणि तपासण्या यांनाही तीच कात्री लावली होती. आणि ते चालत नाही. विमा नियामकानं २०२० मध्येच स्पष्ट केलंय की खोलीभाड्याच्या प्रमाणातली ही कपात औषधं, वापरून टाकायचं सामान, शरीरात बसवलेलं उपकरण आणि तपासण्या यांना लावता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. कारण सरळ आहे: माणूस पाच हजारांच्या खोलीत झोपला म्हणून स्टेंटची किंमत वाढत नाही. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणं दर बदलतच नाहीत, तिथं तर ही कपात अजिबात करता येत नाही.

आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला एक पानाचं पत्र लिहिलं. रडगाणं नाही. बिलातले चार आकडे, नियम, आणि 'कापलेले ४०,८०० रुपये परत द्यावेत'. सोबत बाबवार बिल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडं जाऊ, हेही लिहिलं. तिथं फी नाही, वकील लागत नाही. जायची वेळ आली नाही. अठराव्या दिवशी पैसे खात्यात आले.

उरलेले ५३ हजार गेले ते गेले. आणि मला झोपू देत नाही ते हेच, कारण तेही जायची गरज नव्हती.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडं २०१२ पासून आहे, तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. आधी मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती, दीड लाखापर्यंत. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना, वर्षाला कुटुंबामागं पाच लाखांपर्यंत लागू झाली. अँजिओप्लास्टी त्यात आहे. प्रतीक्षा काळ नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. खासगी पॉलिसी असली तरी आडकाठी नाही. तातडीच्या वेळी उपचार आधी सुरू करून कागद मागून देता येतात. फक्त जनरल वॉर्ड, आणि नोंद योजनेतून व्हायला हवी. ज्या रुग्णालयात आण्णांना नेलं ते या योजनेत होतं. तळमजल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेत नोंद करून देणाऱ्या माणसाचं, टेबल होतं, वर पाटी होती. त्या रात्री टेबलामागं कुणी नव्हतं, आणि खिडकीवरच्या माणसानं तिकडं बोट दाखवलं नाही. एकदा पैसे भरणारा रुग्ण म्हणून सिंगल खोलीत नोंद झाली की तिथून मागं फिरणं फार अवघड होतं. सीपीआरला गेले असते तरी हेच कार्ड चाललं असतं.

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, मी ती नाकारत नाही. पण या घरात पॉलिसी आणि सरकारी योजना ही दोन्ही संरक्षणं कागदावर हजर असताना पाटल्या पतसंस्थेत गेल्या. विमा किती लाखांचा, हे सगळे विचारतात. कुठलं दार आधी वाजवायचं, हे कुणी सांगत नाही.

एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरी गेले. आण्णा अंगणात खुर्चीवर होते, आता महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात बीपी दाखवतात. त्यांना मी सांगितलं की सत्तरी गाठली की केंद्राचं वय वंदना कार्ड मिळेल, उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाख. "म्हंजे अजून तीन वर्षं टिकायला पाहिजे," म्हणाले. मुलाला पॉलिसी बदलायची होती. मी म्हटलं, मोडू नकोस, खोलीची मर्यादा नसलेल्या पॉलिसीत वळवून घे, मुदत संपायच्या ४५ दिवस आधी अर्ज कर, म्हणजे पुरी झालेली वर्षं सोबत येतील.

आई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, मला ते टक्के कळत न्हाईत. परत रात्रीचं काय झालं तर मी काय करायचं ते सांगा." मी सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर म्हणून दाखवलं: आधी १०८. जाताना रेशनकार्ड आणि आधार. दवाखान्यात गेल्यावर आरोग्यमित्र कुठं बसतोय ते विचारायचं. कुणी खोली विचारली तर म्हणायचं, आधी त्याला भेटतो.

मग त्या थांबल्या. "आणि तिथं कोण नसलं तर? त्या रात्री न्हवतंच की कोण."

मी सुनेकडून पेन घेतलं आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर योजनेचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला: १५५३८८. आईंनी चष्मा लावला, एकेक आकडा बोटानं वाचला आणि सुनेला म्हणाल्या, आत्ताच लावून बघ, उचलत्यात काय ते.